पुणे विद्यापीठात मीडिया शिकताना या चुका टाळा

पहिली चूक प्रवेशाचा फॉर्म भरतानाच होते. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठात मीडिया हा विषय दोन ठिकाणी शिकवला जातो, हे बाहेरगावच्या अनेकांना पुण्यात आल्यावर कळतं. फर्ग्युसन रस्त्यावरचा संज्ञापन आणि वृत्तपत्रविद्या विभाग १९६४ पासूनचा. त्याचं कागदावरचं नाव कुणी घेत नाही, सगळे 'रानडे'च म्हणतात. दुसरा विभाग गणेशखिंडीच्या मुख्य आवारात. रानडेचा पिंड बातमीदारीचा, तर आवारातल्या विभागाचा ओढा व्हिडिओ, चित्रपट आणि संशोधनाकडे. २०२१ मध्ये दोन्ही एकत्र करायचं घाटत होतं. रानडेच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनी विरोध केला आणि ते थांबलं. म्हणजे विभाग अजून दोन आहेत आणि निवड तुम्हालाच करायची आहे. आवारातल्या विभागाची पदवी अनेक वर्षं एम.एस्सी. होती, त्यामुळे कला शाखेची मुलं पात्रतेचा रकाना न वाचताच मागे फिरायची. फॉर्म भरण्याआधी दोन्हीकडचा अभ्यासक्रम डाउनलोड करून चारही सत्रांचे विषय वाचा. आणि हो, लॉ कॉलेज रस्त्यावरची एफटीआयआय ही चित्रपट शिकवणारी संस्था विद्यापीठाचा भाग नाही. ती केंद्र सरकारची संस्था आहे, तिची प्रवेश परीक्षाही वेगळी.

कॅमेऱ्याचं वेड, आवाजाकडे काणाडोळा

सरकारी विद्यापीठात फी परवडते, पण कॅमेरा मात्र नंबर लावून मिळतो. त्यामुळे तो हातात आला की सगळं लक्ष चित्राकडे जातं. फर्ग्युसन रस्त्याच्या फुटपाथवर संध्याकाळी मुलाखत घ्यायची, माइक कॅमेऱ्यावरचाच, आणि रात्री एडिटिंगला बसल्यावर ऐकू काय येतं, तर पीएमपीचा, म्हणजे शहर बसचा, हॉर्न. चित्र थोडं हललेलं प्रेक्षक चालवून घेतो, न कळणारं बोलणं तो दहा सेकंदांत बंद करतो. म्हणून माइक तोंडापासून वीतभर अंतरावर हवा आणि कानाला हेडफोन हवा, रेकॉर्डिंग सुरू असतानाच. घरात शूट करत असाल तर पंखा आणि फ्रिज बंद करा (फ्रिज नंतर आठवणीने चालू करा, यजमान पुन्हा बोलावतील). मुलाखत संपली की कुणी काही न बोलता त्या जागेची अर्धा मिनिट शांतता रेकॉर्ड करून ठेवा, वाक्यांचे सांधे बुजवायला ती लागतेच.

आवाज आधीच बिघडला असेल तर सॉफ्टवेअरने खरखर थोडीच काढा. जास्त काढली की माणूस विहिरीतून बोलतोय असं वाटतं. त्यापेक्षा महत्त्वाचं वाक्य सबटायटलमध्ये द्या आणि बाकीचं निवेदनातून सांगा. चित्रात ट्यूबलाइटचे पट्टे सरकताना दिसत असतील तर दोष कॅमेऱ्याचा नाही. आपली वीज ५० हर्ट्झची आहे. कॅमेऱ्यात सेकंदाला २५ फ्रेम आणि शटरचा वेग १/५० सेकंद ठेवला की बहुतेक वेळा पट्टे जातात.

'तुम्हाला कसं वाटतं?'

मंडईत जाऊन भाजीवालीला 'मावशी, महागाईबद्दल तुम्हाला काय वाटतं?' असं विचारलं की उत्तर येतं, 'काय वाटणार बाळा?' आणि मुलं परत येऊन सांगतात, लोक बोलतच नाहीत. लोक बोलतात, पण गाळ्यावर गिऱ्हाईक असताना बोलत नाहीत आणि मतं विचारल्यावर तर नाहीच. दुपारी गर्दी ओसरल्यावर जा. माल मार्केट यार्डातून पहाटे किती वाजता आणला, टेम्पोला किती दिले, काल उरलेल्या मेथीचं काय केलं, हे विचारा. महागाई आपोआप बाहेर येते, आकड्यांसकट.

फुटलेलं देवनागरी

व्हिडिओवर 'शिक्षण' लिहिलं आणि पडद्यावर 'शक्षिण' दिसलं, तर फाँट बदलत रात्र घालवू नका. प्रीमियर या एडिटिंग सॉफ्टवेअरमध्ये ग्राफिक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन टेक्स्ट इंजिन 'साउथ एशियन अँड मिडल ईस्टर्न' करा आणि तो मजकूर नव्याने टाइप करून पाहा. बातमी श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेली असेल तर आधी युनिकोडमध्ये बदला आणि मग जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा. रफार आणि 'ऱ्य' हमखास बिघडतात.

प्रबंधिका

'सोशल मीडियाचा तरुणांवर होणारा परिणाम' हा विषय दरवर्षी कुणीतरी घेतंच. परिणाम कसला, कोणत्या तरुणांवर, मोजणार कसा? मग एक गूगल फॉर्म हॉस्टेलच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर जातो आणि मित्रांनी भरलेल्या उत्तरांवरून 'महाराष्ट्रातील युवक' असा निष्कर्ष निघतो. मार्गदर्शक सौम्य असतात, बाहेरचे परीक्षक तसे नसतात. विषय मुठीत मावेल एवढा घ्या: दोन मराठी दैनिकांच्या पुणे आवृत्त्या, एक महिना, पीएमपीच्या बातम्या. बातमीत प्रवासी बोलतो की अधिकारी, एवढंच मोजा. मोजणी सुरू करण्याआधी थोड्या बातम्या मित्राला स्वतंत्रपणे वर्गवारी करायला द्या. दोघांच्या नोंदी जुळल्या नाहीत तर तुमच्या व्याख्या ढिल्या आहेत.

माहिती अधिकाराचा अर्ज शेवटच्या महिन्यात करण्यात अर्थ नाही. उत्तराला कायद्याने ३० दिवस आहेत, आणि उत्तर असमाधानकारक आलं तर पहिल्या अपिलाचे दिवस वेगळे. विषय मंजूर झाला त्याच आठवड्यात अर्ज टाका.

उचलेगिरीबद्दल यूजीसीचे (विद्यापीठ अनुदान आयोगाचे) २०१८ चे नियम आहेत. दुसऱ्यांच्या लेखनाशी साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर प्रबंध सुधारून पुन्हा द्यावा लागतो आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होऊ शकते. मराठी मजकूर सॉफ्टवेअर पकडत नाही, या भरवशावर राहू नका. परीक्षकही तीच वर्तमानपत्रं वाचतात.

इंटर्नशिपसाठी निकालानंतर अर्ज करणं ही छोटी पण महागात पडणारी चूक. मुख्य आवारात १०७.४ एफएमवर 'विद्यावाणी' हे विद्यापीठाचं स्वतःचं रेडिओ केंद्र आहे. पहिल्या सत्रातच तिथे जाऊन काम मागा. दाखवायला हातात दोन कार्यक्रम असतील तर वृत्तवाहिनीतला माणूस निदान लिंक उघडून पाहतो.