दुखापतीनंतरची अवघड धाव कशी निभवावी
डॉक्टरांनी धावण्याची परवानगी दिल्यानंतर पहिले काही आठवडे मरीन ड्राइव्हऐवजी शिवाजी पार्कचा कट्टा निवडावा. मरीन ड्राइव्हची सुमारे ३.६ किलोमीटरची वाट मोहात पाडते, परंतु नरिमन पॉइंटहून निघून चौपाटीजवळ पाय दुखू लागला, तर परतीचे तेवढेच अंतर समोर उभे राहते. कट्ट्याभोवती मात्र कोणत्याही फेरीत थांबता येते, आणि ही मोकळीक असली की मन अधिक धीट होते, असा माझा अनुभव आहे.

धाव जड वाटू लागली की आधी त्या जडपणाची पारख करावी. दम लागणे, मांड्या भरून येणे, मुंबईच्या दमट हवेत घाम न वाळल्याने अंग तापणे हा थकवा होय, आणि तो वेग कमी करून सोसता येतो. याउलट जुन्या दुखापतीच्या जागी टोचणारी, पावलागणिक वाढणारी किंवा लंगडायला लावणारी वेदना सुरू झाल्यास त्याच क्षणी धावणे थांबवावे. यात तडजोड नाही.

केवळ थकवा असेल, तर ४ मिनिटे धावणे व १ मिनिट चालणे असा क्रम ठेवावा, पावले आखूड टाकावीत आणि उरलेले अंतर न मोजता पुढच्या झाडापर्यंतचेच लक्ष्य ठरवावे. दुखापतीपूर्वीच्या वेळेशी तुलना करू नये. ती फार निष्ठुर असते. दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना सांधा आखडलेला किंवा सुजलेला जाणवला, तर पुढील धाव लांबणीवर टाकावी. पेडर रोडचा चढ तूर्त टाळावा, जानेवारीतील मॅरेथॉन कितीही जवळ आली असली तरी.