नामवंतांच्या अप्रसिद्ध मुलांबद्दल लिहिताना

विकिपीडियावर चरित्रलेख लिहायला नव्यानं बसलेला माणूस बहुतेक वेळा 'कुटुंब' या परिच्छेदात घसरतो. वडिलांच्या कारकिर्दीबद्दल ढीगभर संदर्भ मिळतात. प्रसिद्धीपासून लांब राहिलेल्या मुलीबद्दल मात्र तीनच, आणि तेही एकमेकांवरून उतरवलेले. परिच्छेद ओका दिसतो म्हणून मिळेल ते त्यात कोंबलं जातं. तो ओका दिसला तरी चालतो.

आधी एवढंच बघा: या व्यक्तीचं स्वतःचं काही सार्वजनिक काम आहे का? पुस्तक, पद, कला, खेळ, काहीही. असेल तर त्या कामापुरतं लिहा. नसेल तर स्वतंत्र लेख नको. आईवडिलांच्या लेखात 'त्यांना दोन अपत्ये आहेत' एवढं वाक्य पुरतं. नाव, शाळा, जोडीदार, आजारपण, राहण्याचा भाग यातलं काहीही त्या वाक्याला जोडू नका. अपत्य अल्पवयीन असेल तर याबाबत तडजोडच नको. ब्रिटनच्या वृत्तपत्रांची आचारसंहितासुद्धा सांगते की केवळ पालकांची कीर्ती किंवा पद हे मुलाच्या खासगी आयुष्याचा तपशील छापण्याचं कारण होऊ शकत नाही. लेखिका जे. के. रोलिंग यांच्या लहान मुलाचा बाबागाडीतला फोटो रस्त्यावर चोरून काढला गेला होता. त्या खटल्यात २००८ साली इंग्लंडच्या अपील न्यायालयानं मुलाच्या खासगीपणाचा विचार पालकांपासून वेगळा केला.

आता संदर्भांकडे. पाच बातम्या म्हणजे पाच संदर्भ नव्हेत. प्रत्येक बातमीत 'कोणी सांगितलं' हे शोधत मागे जा. बऱ्याचदा पाचही वाटा एकाच निनावी 'निकटवर्तीया'पाशी संपतात. दुसरा सापळा वर्तुळाचा. विकिपीडियावरचं बिनसंदर्भ वाक्य वार्ताहर उचलतो आणि पुढे तीच बातमी त्या वाक्याला संदर्भ म्हणून लागते. हे पकडायला लेखाचा 'इतिहास' (आधीच्या बदलांची यादी) उघडा, वाक्य कोणत्या तारखेला आलं ते पाहा आणि बातमीची तारीख शेजारी ठेवा. बातमी नंतरची असेल आणि माहिती कुठून घेतली ते सांगत नसेल, तर ती धरू नका.

विल्यम जेम्स सायडिसचं उदाहरण नीट समजून घेण्यासारखं आहे. मानसशास्त्रज्ञ बोरिस सायडिस यांचा हा मुलगा १९०९ मध्ये, अकराव्या वर्षी, हार्वर्डमध्ये गेला. मोठेपणी त्यानं कारकुनी नोकऱ्या पत्करल्या आणि प्रसिद्धी कटाक्षानं टाळली. १९३७ मध्ये 'न्यू यॉर्कर' साप्ताहिकानं त्याला गाठून भाड्याच्या खोलीसकट त्याचं आयुष्य छापलं. तो न्यायालयात गेला. १९४० मध्ये अमेरिकेतल्या अपील न्यायालयानं लेख निर्दय असल्याचं मान्य केलं, तरी निकाल त्याच्या विरोधात दिला. म्हणजे कायद्यात बसतं म्हणून ते लिहिण्याजोगं होत नाही. याच माणसाच्या नावावर २५० ते ३०० बुद्ध्यांक आजही फिरतो. तो आकडा त्याच्या मृत्यूनंतर ऐकीव सांगण्यावरून छापला गेला आणि त्यामागे चाचणीची कोणतीही नोंद नाही. तरीही उतरवणारे तो उतरवतच राहतात.

आईवडिलांचं आत्मचरित्र हा पक्का संदर्भ वाटतो, पण तो फक्त आईवडिलांच्या बाजूचा असतो. त्यातला मुलाच्या व्यसनाचा किंवा भांडणाचा प्रसंग मुलाच्या संमतीनं आलेला नसतो. जन्मदाखला, मालमत्तेची नोंद, कोर्टाचे कागद हे सरकारी असले तरी खासगी माणसासाठी वापरायचे नाहीत. नावसारखेपणाची चूकही इथेच होते. त्याच नावाच्या भलत्याच माणसाचं घर आपण लेखात आणून बसवतो.

सुटे तपशील निरुपद्रवी दिसतात, एकत्र आले की पत्ता होतो. 'आज मुलगी २१ वर्षांची झाली' या ओळीला बातमीची तारीख जोडली की पूर्ण जन्मतारीख हाती येते. अशी जुळवाजुळव करू नका.

शब्दांनाही जपा. 'एकांतवासी', 'गूढ', 'जगापासून तुटलेला' ही विशेषणं बहुतेकदा लेखकाच्या हाती काही न लागल्यामुळे आलेली असतात. मुलाखत न देणारी बाई रोज कामावर जात असेल, शेजाऱ्यांशी बोलत असेल. तिनं आपल्याशी बोलायचं नाकारलंय, एवढंच आपल्याला ठाऊक असतं.

दुसऱ्यानं घातलेला खासगी तपशील काढताना एक चूक फार होते. संपादन सारांशात (बदल जतन करताना लिहायच्या ओळीत) 'अमुकचा पत्ता काढला' असं लिहून तोच पत्ता पुन्हा नोंदला जातो. सारांशात फक्त 'संदर्भहीन खासगी माहिती वगळली' असं लिहा. चर्चा पानावर तो मजकूर उद्धृत करू नका. लेखातून काढला तरी जुन्या आवृत्तीत तो वाचता येतो, म्हणून ती आवृत्ती लपवण्याची विनंती प्रचालकांना (देखरेखीचे जादा अधिकार असलेल्या संपादकांना) खासगी ईमेलनं करा, आणि त्याच दिवशी करा.