हरणांसाठी फूड प्लॉट लावताय? आधी या चुका टाळा

दरवर्षी ऑगस्ट लागला की माझा फोन सुरू होतो. विस्कॉन्सिन, मिशिगन, मिनेसोटा, सगळीकडून आपली मंडळी. हल्ली बऱ्याच जणांनी वीस-चाळीस एकर रान घेतलंय, शिकारीचं लायसन्स काढलंय, आणि प्रश्न एकच असतो, "दादा, बी कुठलं घेऊ?" मी विचारतो माती तपासलीत का, की पलीकडे एकदम शांतता. वर्षानुवर्षं तीच उत्तरं देऊन थकलोय म्हणून एकदाच सगळं लिहितोय.

भारतात वन्यजीव कायद्याने शिकार बंद आहे, तेव्हा हे सगळं इकडच्या, अमेरिकेतल्या व्हाइटटेल हरणांबद्दल आहे हे लक्षात घ्या. आणि फूड प्लॉट म्हणजे रानातल्या मोकळ्या जागेत हरणांसाठी मुद्दाम लावलेलं अर्धा-एक एकर पीक. कापायचं नाही, विकायचं नाही, हरणांनी खायचं. पण आहे ती शेतीच, आणि लोक नेमकं हेच विसरतात.

माती न तपासता बी टाकणं

ही चूक मी स्वतः केलीये. माझं रान विस्कॉन्सिनच्या ज्युनो काउंटीत आहे, निव्वळ वाळूची जमीन, वर पाइन आणि ओक. मी साताऱ्याकडच्या शेतकऱ्याच्या घरातला, त्यामुळे मला वाटायचं मातीतलं मला कळतं. पण आपल्याकडे देशावर काळी माती, चुनखडीची, सामू (पीएच) साताच्या वर, तिथे शेतात चुना टाकायचा विचार कुणाच्या डोक्यातच येत नाही, उलट चुनखडी जास्त म्हणून पिकं पिवळी पडतात. इकडे सगळं उलटं. पाइनच्या रानातली वाळू आंबट असते, आणि मी पहिल्या वसंतात नांगरून, कुळवून, अर्ध्या एकरात महागातलं क्लोव्हर (तीन पानांचं, चाऱ्याचं पीक) फोकून मोकळा झालो. उगवलं छान. जूनमध्ये फोटो काढून घरच्यांना पाठवले. जुलै संपेपर्यंत सगळं पिवळं, दोन बोटं उंचीवर थांबलेलं, आणि मधून मधून नेचे आणि आंबटचुक्यासारखं लालसर तण. मी युरिया टाकला, तर तण आणखी वाढलं. नोव्हेंबरात नऊ दिवसांचा गन सीझन, म्हणजे बंदुकीने शिकारीचा हंगाम, लागला तेव्हा प्लॉटमध्ये हरणाचा एक ताजा माग नव्हता.

मग मातीचा नमुना लॅबला पाठवला. सामू आला ५.१. क्लोव्हरला ६.५ च्या आसपास लागतो. हा आकडा साधा दिसतो पण एक अंक खाली म्हणजे आम्लता दहापट, आणि एवढ्या आंबट मातीत क्लोव्हरच्या मुळांवरच्या गाठीतले जिवाणू नीट काम करत नाहीत, स्फुरद मातीतच अडकून बसतं, वरून कितीही खत ओता. अहवालात अर्ध्या एकराला एक टन चुना लिहिला होता. चाळीस पौंडाच्या पिशव्यांचा हिशेब केला तर पन्नास पिशव्या. त्या मी एकेक करून आत नेल्या कारण ट्रक जाईल असा रस्ताच केला नव्हता, आणि तेव्हापासून प्लॉटची जागा ठरवताना आधी चुन्याची गाडी कुठून येईल ते बघतो.

तर करायचं काय? दहा-पंधरा ठिकाणची सहा इंच खोलपर्यंतची माती प्लॅस्टिकच्या बादलीत घ्या (गॅल्व्हनाइज्ड नको, जस्ताचा आकडा चुकतो), खडे-मुळं काढा, मिसळा, सावलीत वाळवा, पाठवा. विद्यापीठाच्या लॅबला पंधरा-वीस डॉलर लागतात, बियाण्याच्या एका पिशवीपेक्षा कमी. चुना शरदात टाका आणि मातीत मिसळा, नुसता वर पसरून ठेवला तर खाली जायला वर्षं लागतात. मिसळला तरी सहा महिने ते वर्षभर थांबावं लागतं. इथेच सगळे अडतात, कुणाला थांबायचं नसतं. तोवर जमीन रिकामी ठेवायची गरज नाही, राय, ओट, बकव्हीट आंबट जमीन बऱ्यापैकी सोसतात, ते लावा.

आणि ती "नांगरायची गरज नाही, नुसतं फेका, कुठेही उगवेल" लिहिलेली पिशवी, वर मोठ्या शिंगाच्या नराचं चित्र, ती दुकानातच राहू द्या. मागचं लेबल वाचा. बरेचदा निम्म्याहून जास्त रायग्रास असतं.

राय आणि रायग्रास एकच समजणं

नावात राय आहे म्हणून एक नाही. राय हे गव्हासारखं धान्य, थंडीत शून्याच्या जरा वर तापमान असलं तरी उगवतं, बर्फाखाली हिरवं राहतं, नोव्हेंबरात हरणं त्यासाठी बर्फ उकरतात. रायग्रास म्हणजे गवत, त्यातला बहुवर्षी प्रकार तर लॉनमध्ये लावतात. शिकागोच्या एका मित्राला मी फोनवर "राय घे, एकराला शंभर पौंड" सांगितलं, दुकानदाराने रायग्रासच्या पिशव्या दिल्या, त्याने त्या जशाच्या तशा ओतल्या. इतकं सुंदर लॉन मी कुठल्या बंगल्यापुढे पाहिलं नाही. हरणं ते ओलांडून शेजाऱ्याच्या मक्यात जायची. दोन वर्षं ते गवत मारण्यात गेली, तणनाशक दोनदा, आणि त्यात आधीचं क्लोव्हरही गेलं. लेबलवर "विंटर राय" किंवा "सीरियल राय" लिहिलेलं असेल तरच घ्या, आणि दाणा हातात घेऊन बघा, गव्हासारखा दिसला पाहिजे.

छोट्या चुका, पण रोजच्या

क्लोव्हर आणि सलगमसारखं बारीक बी खोल गाडू नका. पाव इंच पुरे. मी आधी जमीन रोलरने दाबतो, मग फोकतो, मग पुन्हा दाबतो, माती टाकून झाकत नाही. बूट आत रुतत असतील तर जमीन अजून भुसभुशीत आहे.

सलगम-मुळा दाट पेरला की पानं पिवळी आणि कंद सुपारीएवढे. एकराला पाच पौंड. मूठ हलकी ठेवा, बी कमी वाटेल, तसंच वाटू द्या.

मोहरीवर्गातलं पीक (सलगम, मुळा) जुलैअखेर ते ऑगस्टच्या पहिल्या दहा दिवसांत, राय ऑगस्टअखेर ते सप्टेंबरमध्यात. हे उत्तर विस्कॉन्सिनचं, दक्षिणेत तारखा पुढे सरकतात. सलगम सप्टेंबरात लावून "येत नाही" म्हणून फोन करू नका.

तेच मोहरीवर्गीय पीक एकाच जागी दोन वर्षांपेक्षा जास्त नको, मुळांचे रोग येतात. फेरपालट करा, हे आपल्याकडच्या कुठल्याही शेतकऱ्याला सांगावं लागत नाही.

कोटिंग केलेल्या क्लोव्हरच्या पिशवीत साधारण एक तृतीयांश वजन नुसत्या कोटिंगचं असतं, म्हणून बी दीडपट धरा. कोटिंग नसेल तर रायझोबियमची (मुळांच्या गाठीतल्या जिवाणूंची) बीजप्रक्रिया करा.

अर्ध्या एकरात सोयाबीन लावू नका. रोपं चार पानांवर यायच्या आत हरणं सगळं खुडतात. तीन-चार एकर नसतील तर विजेचं कुंपण लागतं.

वापसा नसताना कुळवू नका, आणि पावसाच्या आदल्या दिवशी पेरा. मी अंदाज बघून रजा टाकतो.

प्लॉट चुकीच्या जागी

पीक उत्तम आलं आणि तरी हरीण दिवसा दिसत नाही, ही तक्रार सगळ्यात जास्त, आणि यात बियाण्याचा काही संबंध नसतो. लोक प्लॉट रानाच्या मध्यावर करतात, कारण तिथे मोकळी जागा आयती मिळते. मग मचाणावर जाताना रोज प्लॉट ओलांडायचा, वारा पाठीमागून प्लॉटकडे, आणि अंधार पडला की समोर आठ-दहा माद्या चरत असताना बॅटरी लावून खाली उतरायचं. माद्या फुत्कारतात, शेपट्या वर करून पळतात. असं दोन-तीन संध्याकाळी झालं की पुढे महिनाभर त्या अंधार पडल्याशिवाय येत नाहीत. नर तर त्यांच्याही मागे.

मला हे कळायला तीन सीझन लागले. आता माझा प्लॉट रानाच्या कडेला आहे, मचाण वाऱ्याच्या खालच्या बाजूला, आमच्याकडे शरदात वारा बहुतेक पश्चिम-वायव्येचा म्हणून मचाण पूर्व-आग्नेयेला, आणि तिथे जायची वाट ओढ्यातून. वारा दुसरीकडचा असेल तर मी त्या दिवशी बसतच नाही, घरी जातो. संध्याकाळी हरणं समोर असतील तर मी उतरत नाही, बायकोला मेसेज करतो, ती एटीव्ही घेऊन सरळ प्लॉटमध्ये येते, हरणं गाडीला बघून बाजूला होतात, ती शेतातली गाडी त्यांना सवयीची असते, आणि माणूस मचाणावर होता हे त्यांना कळत नाही.

अजून एक, ऑक्टोबरात व्हाइट ओकची फळं पडायला लागली की प्लॉट एकदम ओस पडतो. घाबरून काही नवीन पेरू नका. ओकखाली जाऊन बसा.

मका ओतणं

प्लॉट फसला की लोक मक्याची पोती ओततात. आधी कायदा बघा, विस्कॉन्सिनमध्ये २००२ साली सीडब्ल्यूडी हा हरणांचा जीवघेणा मेंदूचा आजार सापडला आणि बऱ्याच काउंट्यांमध्ये असं आमिष टाकायला बंदी आहे. एका ढिगावर नाकाला नाक लावून खाल्लं की आजार पसरतो, प्लॉटमध्ये हरणं विखरून चरतात. आणि जानेवारीत दया आली म्हणून मका टाकणाऱ्यांना कळकळीने सांगतो, हरीण रवंथ करणारं जनावर आहे, हिवाळाभर फांद्या-कळ्या खाऊन त्याच्या पोटातले जिवाणू त्यालाच सरावलेले असतात, अचानक भरपूर मका पडला की पोट आंबतं आणि भरल्या पोटाने हरीण मरतं. हिवाळ्यात मदत करायची असेल तर करवत घेऊन मेपलच्या चार फांद्या खाली पाडा.

जाळी न लावणं

प्लॉट रिकामा दिसला की सगळे बियाण्याला दोष देतात. तारेची जाळी घ्या, तीन-चार फूट व्यासाचं गोल करा, पेरणीच्या दिवशीच प्लॉटमध्ये दोन ठिकाणी ठोका. सहा आठवड्यांनी बघा. आतही पीक खुरटं असेल तर दोष मातीचा, परत लॅबचा कागद काढा. आत गुडघाभर क्लोव्हर आणि बाहेर जमिनीलगत कुरतडलेलं असेल तर बी चांगलं आहे, माती चांगली आहे, रानाला झेपतील त्यापेक्षा हरणं जास्त आहेत. त्या वर्षी मी बियाण्याच्या दुकानात जात नाही, मादीच्या शिकारीचे परवाने (टॅग) घेतो आणि ते वापरतो.