बास गिटारमध्ये बदल करायचेत, पण विकताना किंमत पडू द्यायची नाही? मग असं करा

जुनी बास बघायला आलेला जाणकार आधी पिकगार्ड (बॉडीवर स्क्रूने बसवलेलं आवरण) उघडायला सांगतो. त्याला तीन गोष्टी तपासायच्या असतात: रंग मूळचा आहे का, लाकूड नव्याने कोरलंय का आणि सोल्डरला कुणी हात लावलाय का. बदललेला पिकअप (तारेचं कंपन विद्युत संकेतात बदलणारा भाग) काढून जुना परत बसवता येतो. कोरलेलं लाकूड भरता येतं, पण लपत नाही. म्हणून प्रत्येक बदलाआधी स्वतःला विचारा: नुसता स्क्रू ड्रायव्हर आणि सोल्डरिंग आयर्न घेऊन हे एका संध्याकाळात पूर्ववत करता येईल का?

१. बासचं वय ओळखा. पॉटच्या (व्हॉल्यूम आणि टोनच्या बटणांखालचा फिरता भाग) पाठीवर किंवा कडेला आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ १३७६६१५: १३७ म्हणजे सीटीएस ही उत्पादक कंपनी, ६६ म्हणजे १९६६ साल, १५ म्हणजे त्या वर्षाचा पंधरावा आठवडा. बास त्या तारखेनंतर जोडलेली असणार. इतकी जुनी बास असेल आणि सोल्डर शाबूत असेल, तर तिला हात लावू नका. प्रयोगासाठी दुसरी साधी बास घ्या. नव्या, साध्या बासवर मोकळेपणाने काम करा, पण भागांवर केलेला खर्च विक्रीत सहसा वसूल होत नाही हे धरून चाला. विकताना मूळ भाग परत बसवायचे आणि महागडे भाग वेगळे विकायचे, हेच फायद्याचं.

२. जागेत बसणारेच भाग निवडा. फेंडर कंपनीच्या प्रिसिजन बास या मॉडेलचा दोन तुकड्यांचा पिकअप १९५७ पासून त्याच घाटाचा आहे, त्यामुळे बदली पिकअप सहज मिळतो. त्याच कंपनीच्या जाझ बासमध्ये मात्र फसगत होते. मानेकडचा पिकअप ब्रिजकडच्यापेक्षा (ब्रिज म्हणजे बॉडीवर तारा टेकतात तो भाग) थोडा आखूड असतो. दोन्ही लांब घेतले की मानेकडचा बसत नाही, मग लोक खाच कानशीने घासतात आणि तिथेच किंमत जाते. आधी मोजा, मग जोडी मागवा. ट्यूनरची (तारा ताणायच्या खुंट्यांची) भोकं व्हर्नियर कॅलिपरने मोजा. नवा ट्यूनर बारीक असेल तर बुशिंग (भोकात बसणारी कडी) घालून चालतं, जाड असेल तर तो नकोच. ब्रिजचे स्क्रू जुन्याच भोकांत बसले पाहिजेत.

३. फोटो काढा, मगच वायर सोडवा. आधी वाजवायच्या तारा सैल करून काढा. वरून, बाजूने, प्रत्येक जोडाचा जवळून असे फोटो घ्या. बॉडीवर जाड कापड पसरा, कारण सोल्डरचा उडालेला थेंब लॅकरवर कायमचा डाग पाडतो. आयर्न साधारण ३५० अंश सेल्सिअसला ठेवा. पॉटची पाठ उष्णता शोषून घेते, त्यामुळे कमी ताकदीचं आयर्न बराच वेळ टेकवून ठेवावं लागतं आणि त्यात पॉट आतून भाजतो. जुन्या पिकअपच्या वायर कापू नका, जोड वितळवून सोडवा. आखूड झालेली वायर परत बसवताना पोचत नाही, आणि खरेदीदाराला ती लगेच दिसते.

४. नवं जोडा. पॅसिव्ह (बॅटरीशिवाय चालणाऱ्या) सिंगल कॉइल (एका वेटोळ्याच्या) पिकअपला २५० किलो-ओहमचे पॉट आणि टोनसाठी ०.०४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. मूळ पॉट आणि कपॅसिटर एकमेकांना जोडलेलेच काढून बाजूला ठेवून पूर्ण नवा संच बसवणं सर्वांत चांगलं. ब्रिजखालून येणारी अर्थ वायर विसरू नका. ब्रिज आणि जॅकची (केबल खोचायच्या जागेची) बाहेरची कडी यांच्यात मल्टीमीटर शून्याजवळ दाखवायला हवा.

गडबड ओळखायची कशी? जाझ बासचे दोन्ही व्हॉल्यूम पूर्ण उघडल्यावर आवाज पातळ झाला, खर्ज गेला, तर एका पिकअपच्या दोन वायर उलट जोडल्यात. प्रिसिजनमध्ये एकाच तुकड्याच्या वायर उलटल्या तर आवाज जवळपास ठीक वाटतो, पण हम (विजेची गुणगुण) रद्द होत नाही.

ॲक्टिव्ह प्रीॲम्प (बासमधलं बॅटरीवर चालणारं ध्वनिवर्धक सर्किट) बसवायचा असेल तर त्याची ९ व्होल्टची बॅटरी कंट्रोलच्या पोकळीतच फोममध्ये गुंडाळून मावते का ते पाहा. बॅटरीच्या डब्यासाठी मागून खाच पाडू नका. जॅक स्टिरिओ लावा: केबल आत असेपर्यंतच बॅटरी खर्च होते, म्हणून वाजवून झालं की केबल काढायची.

५. मानेला हात लावायचा असेल तर फ्रेट (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) काढू नका. ३४ इंच स्केलची (तारेच्या वाजत्या लांबीची) फ्रेटलेस म्हणजे बिनपट्ट्यांची मान वेगळी घ्या आणि चार स्क्रूंनी बसवा. मानेच्या बुडाची रुंदी आधी बॉडीतल्या खाचेशी जुळवून पाहा, ओढाताण केली तर खाचेच्या कोपऱ्यातला रंग तडकतो. रंग नव्याने देऊ नका. जुन्या बासचा मूळ रंग खरवडून नवा दिला तर किंमत निम्म्यावर येऊ शकते, मग तो कितीही सुबक असो.

स्क्रूचं भोक सैल झालं असेल तर लाकडाच्या काड्या वुड ग्लूमध्ये बुडवून आत घाला, एक दिवस वाळू द्या आणि मग स्क्रू फिरवा. जाड स्क्रू ठोकू नका.

काढलेला प्रत्येक भाग, स्प्रिंग आणि वॉशरसुद्धा, तारीख लिहिलेल्या पिशवीत भरून केसमध्ये ठेवा. विकताना ती पिशवी आणि फोटो समोर ठेवून काय बदललंय ते आधीच सांगा.