बाकाखालचा मोबाईल आणि मानशीची दारं

शिकवायला लागलो तेव्हा वाटायचं, मोबाईल दिसला की काढून घ्यायचा, विषय संपला. अकरावीचा वर्ग, जेवणाच्या सुट्टीनंतरचा भूगोलाचा तास. दोन आठवड्यांत माझ्या टेबलावर रोज सात-सात मोबाईल जमायला लागले. मुलं फळ्याकडे नव्हे, त्या ढिगाकडे बघत बसायची. एखादा थरथरला की वर्गभर खसखस.

नव्याने रुजू होणाऱ्यांनी एक विसरू नये. 2020 मध्ये शाळा बंद पडल्या तेव्हा फोन घ्या म्हणून मागे लागलो ते आपणच. गोव्यात सत्तरी-सांगे तालुक्यांतली मुलं रेंजसाठी डोंगर चढायची. पालकांनी पोटाला चिमटा घेऊन फोन घेतले. आता त्यालाच व्यसन म्हणून हिणवलं की मुलं ऐकून घेतात, पण मनातून तुम्हाला मोडीत काढतात.

माझं गाडं रुळावर आलं ते खाजन शेतीवर, म्हणजे बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेल्या शेतीवर बोलताना. त्या बांधातून पाणी आत-बाहेर सोडणारी दारं म्हणजे मानस. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, असं काहीतरी सांगत होतो. शेवटच्या बाकावरच्या एकाचे डोळे मांडीत. ओरडणार होतो, पण विचारलं, "काल रात्री मानशीवर कोणाच्या घरचं माणूस होतं?" त्याने मान वर केली. त्याच्या वडिलांनी पावणीत, म्हणजे तिथे मासे पकडायच्या हक्काच्या लिलावात, मानस घेतली होती! म्हटलं, ये, काढून दाखव. त्याने बांध काढला, मानस काढली. भरतीच्या वेळी दारं लावतं कोण, असं विचारल्यावर म्हणाला, "सर, भरती आयली की दारां आपशींच धांपतात." बाहेरचं पाणी चढलं की त्याच्याच दाबाने दारं मिटतात, ओहोटीला आतलं पाणी ती ढकलून उघडतं. कोकणीत सांगितलं म्हणून मी टोकलं नाही. टोकलं असतं तर तो तिथेच गप्प झाला असता. मग मीच त्याला फोनवर भरतीच्या वेळा काढायला लावल्या. पुढच्या आठवड्यात जाळं कधी लावायचं, याचा हिशेब वर्गाने वहीत केला.

तेव्हापासून तासाची पहिली पाच मिनिटं मी बोलत नाही, विचारतो. फोन टेबलावर नाही, दप्तरात. कॅनडातल्या 2013 च्या एका प्रयोगात वर्गात लॅपटॉपवर भलतंच काही करणाऱ्यांचे गुण घसरलेच, पण ज्यांना त्यांचा पडदा दिसत होता त्यांचेही घसरले. म्हणजे शेजाऱ्यासाठी तरी तो नजरेआड हवा. आणि आपलाही. स्टाफच्या ग्रुपवरचा निरोप वर्गात उघडून बघितलात की तुमचा नियम त्याच दिवशी बुडाला. माझा बुडाला होता.

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात मात्र यातलं काहीच चालत नाही. तेव्हा मी धडा मिटतो आणि माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर टांगायच्या रानफळा-फुलांची, यादी फळ्यावर करायला लावतो: कांगलां कुठल्या डोंगरावर, माट्टी कुठे, आणि यंदा ती आणायला कोण जाणार.