सकाळचे जड डोके टाळायचे असेल तर रात्री काय करावे

दारू घेतल्यानंतर दुसऱ्या दिवशी डोके ठणकते, तोंडाला कोरड पडते, मळमळते, उजेड आणि आवाज नकोसा होतो आणि अंगात त्राण राहत नाही. रक्तातील मद्यार्क उतरत उतरत शून्याच्या जवळ येतो तेव्हा हँगओव्हरची ही लक्षणे सर्वाधिक तीव्र असतात आणि ती चोवीस तासांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ टिकू शकतात. मध्यरात्री स्वतःला ठणठणीत समजणारा माणूस सकाळी अंथरुणातून उठू शकत नाही, तो यामुळेच.

यकृत मद्यार्काचे आधी ॲसिटाल्डिहाइड या विषारी पदार्थात आणि मग त्याचे ॲसिटेटमध्ये रूपांतर करते. हे काम आपल्या घाईने वेग घेत नाही. सर्वसाधारण प्रौढ शरीर तासाला सुमारे ७ ते १० ग्रॅम मद्यार्क निकाली काढते. आपल्याकडच्या व्हिस्की, रम किंवा व्होडकाच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के असा आकडा छापलेला असतो. त्या हिशोबाने ३० मिलीच्या स्मॉल पेगमध्ये सुमारे १० ग्रॅम आणि १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये सुमारे ६० ग्रॅम मद्यार्क असतो. रात्री दहाला क्वार्टर सुरू केली, तर तिचा शेवटचा अंश शरीरातून जायला पहाटेचे चार ते सकाळचे सात वाजतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ असे म्हणणाऱ्यांनीही हा हिशोब करून पाहावा, कारण ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरच्या ६५० मिलीच्या एका बाटलीत सुमारे चार स्मॉल पेगांइतका मद्यार्क असतो.

त्रासाची कारणे मात्र एकाहून अधिक आहेत. मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवण्याचा निरोप देणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक दारूमुळे दबते, त्यामुळे वारंवार लघवी होते आणि शरीर कोरडे पडते. जठराच्या अस्तराचा दाह होतो, यकृताकडून होणारा साखरेचा पुरवठा मंदावतो आणि रोगप्रतिकारक यंत्रणा तापात जशी चाळवते तशी चाळवल्याने अंग दुखते. झोप लवकर लागते, पण रात्रीच्या उत्तरार्धात ती वारंवार मोडते. म्हणूनच नुसते तांब्याभर पाणी पिऊन हँगओव्हर टळत नाही. पाण्याने तहान आणि कोरड नक्की कमी होते, बाकीची कारणे जागच्या जागी राहतात.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, तेव्हा या कोरडेपणाला उन्हाची जोड मिळते. दिवसभर घाम गाळून संध्याकाळी थेट ग्लास हातात घेणारा माणूस आधीच पाणी कमी असलेल्या शरीरात दारू ओतत असतो. उन्हाळ्यात बसण्यापूर्वी तासभर आधीपासून पाणी, ताक किंवा कैरीचे पन्हे घ्यावे, आणि तहान भागवण्यासाठी थंड बिअर पिऊ नये.

हँगओव्हर ठरतो तो प्रामुख्याने एकूण किती दारू पोटात गेली आणि किती वेगाने गेली यावर. त्यामुळे माझ्या मते सर्वांत उपयोगी साधन म्हणजे माप. घरच्या बैठकीत पेग बोटांच्या अंदाजाने भरला जातो आणि स्टीलच्या ग्लासात तो किती भरला हे कुणालाच दिसत नाही. एकदा औषधाच्या मापाने ३० मिली पाणी मोजून नेहमीच्या काचेच्या ग्लासात ओतावे आणि ते कुठवर चढते ते नीट पाहावे. रुंद तळाच्या ग्लासात ती पातळी इतकी खाली असते की आपला ‘स्मॉल’ प्रत्यक्षात लार्जच्याही पुढचा असल्याचे बहुतेकांच्या तेव्हाच लक्षात येते. त्या पातळीवर बाहेरून पट्टी चिकटवावी. किती पेग घ्यायचे हे घरून निघतानाच ठरवावे, कारण दोन पेगांनंतर घेतलेला निर्णय भरवशाचा नसतो. दोन स्मॉल पेगांमध्ये किमान तासाभराचे अंतर ठेवावे, मधल्या वेळेत ग्लासभर साधे पाणी प्यावे आणि अर्धा ग्लास रिकामा असताना वरून भरू देऊ नये, कारण मग मोजणी सुटते. यजमानाने आग्रह केला तर ग्लास भरलेला ठेवणे हा सोपा उपाय आहे.

रिकाम्या पोटी घेतलेली दारू जठरातून चटकन पुढे सरकते आणि रक्तातील प्रमाण झपाट्याने चढते. म्हणून बसण्यापूर्वीच पोळी-भाजी, वरण-भात, अंडी किंवा पनीर असे भरीव काही खावे. शेव आणि खारे दाणे यांचा चखना जेवणाची जागा घेत नाही, शिवाय मिठामुळे तहान वाढवतो. रात्री बारानंतर सावजीचे झणझणीत मटण खाण्याची इथली आवड मला समजते, पण दारूने दाह झालेल्या जठरावर ती तर्री पडली की सकाळची जळजळ आणि मळमळ ठरलेली. सावजी आधी खावे, किंवा दुसऱ्या दिवसासाठी राखून ठेवावे.

ब्रँडी, रम, व्हिस्की यांसारख्या गडद दारूत काँजेनर नावाचे उपपदार्थ व्होडका किंवा जिनपेक्षा जास्त असतात आणि त्यांनी त्रास वाढतो. तरीही व्होडका जास्त प्यायल्यास हँगओव्हर येतोच. आधी बिअर की आधी वाइन, या क्रमाने काही फरक पडत नाही, असे २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन प्रयोगात दिसले. चोरून गाळलेल्या मोहाच्या किंवा अन्य हातभट्टीच्या दारूला मात्र हात लावू नये. तिच्यात मिथेनॉलची भेसळ असेल तर डोळे जातात, जीवही जातो.

हँगओव्हर रोखणाऱ्या गोळ्या आणि पेये बाजारात मिळतात, पण २००५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आढाव्यात कोणत्याही उपायाचा खात्रीलायक पुरावा आढळला नव्हता. झोपण्यापूर्वी ‘उद्या डोके दुखू नये’ म्हणून पॅरासिटामॉल घेण्याची सवय घातक आहे, कारण दारूसोबत ती यकृताला इजा करू शकते. आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन जठराचा दाह वाढवतात. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणाऱ्यांची साखर रात्रीतून धोकादायकरीत्या उतरू शकते, त्यामुळे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊ नये.

इतके करूनही त्रास झालाच, तर ओआरएस घोट घोट घ्यावे, मऊ खिचडी किंवा ताक-भात खावा आणि झोप पूर्ण करावी. तर्री पोहे त्या सकाळी टाळावेत. सकाळी पुन्हा एक पेग घेऊन केलेला ‘उतारा’ त्रास पुढे ढकलतो आणि व्यसनाची वाट मोकळी करतो. कॉफीने जाग येते, रक्तातील दारू उतरत नाही. बुटीबोरीच्या किंवा हिंगण्याच्या एमआयडीसीत पहिल्या पाळीला दुचाकीने जाणाऱ्यांनी आणि पहाटे समृद्धी महामार्गाला लागणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावे: १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त मद्यार्क असताना गाडी चालवणे हा गुन्हा आहे, आणि झोपून उठल्यावरही तो तेवढा असू शकतो.

माणूस हाक मारूनही उठत नसेल, श्वास फार संथ किंवा अडखळत चालत असेल, अंग गार पडले असेल किंवा शुद्ध नसताना उलटी होत असेल, तर ती वेळ झोपू देण्याची नाही. त्याला कुशीवर वळवावे, एकटे सोडू नये आणि ताबडतोब १०८ वर फोन करावा. रोज पिणाऱ्याने दारू थांबवल्यावर हात थरथरणे, दरदरून घाम येणे, भास होणे किंवा आकडी येणे हे हँगओव्हरपेक्षा वेगळे आणि गंभीर असते. अशा व्यक्तीची दारू घरच्या घरी एकदम बंद करू नये, तिला आधी डॉक्टरांकडे न्यावे.