आखाड्यावर चोरी झाली तर आधी काय करायचं, अन् पोलिस तपास नेमका कसा चालतो

शेतात चोरी झाली की आपल्याकडं पहिलं काय होतं, तर सगळं गाव बघायला जातं. परभणी जिल्ह्यात आमच्या काकांच्या आखाड्यावर (शेतातल्या घर-गोठ्याला आमच्याकडं आखाडा म्हणतात) एका दिवाळीनंतर हेच झालं, रात्रीतून कुलूप तोडून सोयाबीनचे 22 कट्टे नेले अन् सकाळी दहा वाजेपर्यंत तिथं पन्नासेक माणूस येऊन तुडवून गेलं होतं. त्यानंतरचा तपास मी जवळून बघितला म्हणून हे लिहायलोय. चोरी उघडकीला येणार का नाही हे लई वेळा पहिल्या चार-पाच तासांतच ठरतं, अन् त्या वेळेला पोलिस अजून आलेलेच नसतात, जागेवर आपणच असतो.

तर आधी 112 ला फोन लावा अन् पोलिस पाटलाला बोलवा, दोन्ही. गुन्हा झाल्याची खबर पोलिस स्टेशनला देणं हे पोलिस पाटलाचं कामच आहे, अन् तो आला की गर्दी पण जरा मागं सरते. मग दाराला, कुलपाला, कोयंड्याला कुणी हात लावायचा नाही, झाडून काढायचं नाही, सांडलेलं गोळा करायचं नाही. आमच्याकडं काकूनं सवयीनं सांडलेलं सोयाबीन सुपात भरायला घेतलं होतं, तेवढ्यात एक हवालदार आले अन् म्हणले, "काकू, थांबा, ते तसंच राहू द्या." एका कट्ट्याला उंदरानं भोक पाडलेलं होतं, त्यातून दाणे गळत गेले होते, त्या दाण्यांच्या मागं मागं ते वाकून चालत बांधावरून पार गाडीवाटेपर्यंत गेले. तिथं ओल्या मातीत टायरची खूण होती, त्यावर त्यांनी आमचंच एक घमेलं पालथं घातलं अन् फोटो काढणारा माणूस येईपर्यंत सालगड्याला तिथं उभं केलं. मला तो माणूस त्या क्षणाला पटला.

आता फिर्याद. घाईत तोंडाला येईल ते सांगू नका, आधी कागदावर लिहून काढा: शेवटी माल कधी बघितला, कुणी बघितला, किती कट्टे, चोरी झाल्याचं कधी कळलं, कुलूप कसं होतं. कुलूप तोडलं असेल तर ते शब्द फिर्यादीत आलेच पाहिजेत, कारण उघड्यावरनं नेलेला माल ही साधी चोरी अन् कुलूप तोडून नेला की घरफोडी, कलमं वेगळी लागतात, शिक्षा जास्त. 1 जुलै 2024 पासून नवे कायदे लागू झालेत, त्यात 5000 रुपयांच्या आतली साधी चोरी अदखलपात्र धरलीय, म्हणजे एनसी, अन् एनसीत मॅजिस्ट्रेटच्या परवानगीशिवाय पोलिस तपासच करू शकत नाहीत. म्हणून विहिरीवरची केबल नि स्टार्टर गेला तर अंदाजे किंमत टाकू नका, बिलं शोधून खरी किंमत लिहा. वाढवून पण लिहू नका, उलटतपासणीत वकील पहिलं तेच धरतो.

मालाची ओळख पटेल असं काहीतरी सांगा. सोयाबीन सगळं सारखंच दिसतं, कोर्टात कसं सांगणार आपलंच म्हणून? आमच्या काकूनं कट्ट्यांची तोंडं सुतळीऐवजी जुन्या लुगड्याच्या हिरव्या काठाच्या चिंध्यांनी शिवली होती, काकांना ते सांगावंसं पण वाटलं नव्हतं, त्याच हवालदारानं खोदून खोदून विचारलं तेव्हा कुठं निघालं. मोटारीवरचा नंबर, बैलाच्या शिंगाला काय केलंय, गाडीला कुठं पोचा आलाय, सगळं लिहा. मोबाईल गेला असेल तर आयएमईआय नंबर.

फिर्याद लिहून झाली की वाचून दाखवायला लावा अन् मगच सही करा. एफआयआरची प्रत तुम्हाला फुकट मिळते, तो हक्क आहे, मागून घ्या.

आम्हाला पहिल्या पोलिस स्टेशनला "ही आमची हद्द नाही" म्हणून दीड तास बसवून ठेवलं होतं. असं ऐकून परत यायचं नाही. झिरो एफआयआर कुठल्याही पोलिस स्टेशनला नोंदवता येते, तिथून ती हद्दीतल्या स्टेशनला जाते. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळाली की गुन्हा नोंदवणं बंधनकारक आहे हे सुप्रीम कोर्टानं 2013 लाच ललिता कुमारी निकालात सांगितलंय. तरी घेत नसतील तर भांडत बसू नका, तीच फिर्याद लेखी करून एसपी साहेबांना (जिल्ह्याच्या पोलिस प्रमुखांना) पोस्टानं पाठवा, पावती जपून ठेवा, तिथं पण नाही झालं तर मॅजिस्ट्रेटकडं अर्ज करता येतो.

आता सगळ्यात नाजूक गोष्ट. साहेब विचारतात "कुणावर संशय?" अन् मागं उभं असलेलं गाव लगेच पारध्याच्या पालाकडं बोट दाखवतं. आमच्याकडं पण दाखवलं. इंग्रजांनी 1871 च्या कायद्यानं अख्ख्या जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या, तो कायदा 1952 ला गेला पण आपल्या डोक्यातनं गेला नाही. नुसत्या संशयानं काय होतं ते 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला दिसलं, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या मेसेजवरून नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या 5 माणसांना जमावानं ठार मारलं, ते भिक्षा मागायला आले होते. म्हणून डोळ्यानं बघितलं असेल, भांडण झालं असेल, कुणी धमकी दिली असेल तरच नाव घ्या, नसेल तर सरळ "अज्ञात" लिहा, त्यानं केस कमजोर होत नाही. उलट खोटं नाव पडलं की तपासाचे आठ दिवस त्या बिचाऱ्याच्या मागं जातात अन् खरा चोर तोवर माल विकून मोकळा.

पुढं तपास कसा चालतो ते समजून घ्या म्हणजे "पोलिस काहीच करत नाहीत" असं वाटणार नाही. आधी दोन पंचांसमोर घटनास्थळाचा पंचनामा होतो (पंच म्हणून बोलावलं तर पळू नका, कोर्टात यावं लागतं म्हणून लोक टाळतात अन् मग केस तिथंच लंगडी होते). ठसेवाले, श्वान पथक गरजेप्रमाणं येतात. सात वर्षं नाहीतर त्याच्या वर शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आता फॉरेन्सिकवाल्यांनी जागेवर येणं कायद्यात आलंय, आपल्याकडं त्यांच्या लॅब छत्रपती संभाजीनगरला अन् नांदेडला आहेत. झडती नि जप्तीचं व्हिडिओ शूटिंग पण आता करावंच लागतं. साक्षीदारांचे जबाब घेतात, त्या जबाबावर सही घेत नाहीत, सही एफआयआरवर असते, हा फरक लई जणांना माहीत नसतो. घरातली बाई, 60 च्या वरचं माणूस नाहीतर 15 च्या आतलं पोर साक्षीदार असेल तर त्यांना स्टेशनला बोलावता येत नाही, जबाब घरी येऊन घ्यावा लागतो.

एकच प्रश्न तीन-तीनदा विचारतात तेव्हा राग येतो. येऊ देऊ नका. काकांनी पहिल्यांदा "रात्री" म्हणलं, तिसऱ्यांदा आठवलं की पहाटे चारला लाईट आल्यावर मोटार चालू करायला उठले होते तेव्हा कुत्रं भुंकत होतं, त्यावरून वेळ पक्की झाली अन् रस्त्यावरच्या पेट्रोल पंपाचं नेमकं तेवढ्याच वेळेचं फुटेज काढता आलं. फुटेजला लई उशीर करायचा नसतो, डीव्हीआर (कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग साठवणारी पेटी) भरला की जुनं आपोआप पुसलं जातं. पण तुम्ही स्वतः जाऊन स्क्रीनचा मोबाईलवर व्हिडिओ काढून गावच्या ग्रुपवर टाकू नका, चोर पण ग्रुपवर असतो, शिवाय कोर्टात चालायला ते फुटेज रीतसर घेऊन सोबत प्रमाणपत्र लागतं. पंपवाल्याला फक्त सांगा, पुसू देऊ नका, पोलिस येतायत.

गाडी मिळाली, त्यावरून शेजारच्या तालुक्यातल्या मोंढ्यातली, म्हणजे धान्य बाजारातली, आडत मिळाली, अन् तिथल्या थप्पीत हिरव्या चिंधीचे 14 कट्टे निघाले.

माणूस पकडला तेव्हा गावातली पोरं म्हणायली, साहेब, दोन लावा म्हणजे बाकीचे 8 पण सांगंल. मी तेव्हा गप्प बसलो, आज बसणार नाही. पोलिसांसमोर दिलेला कबुलीजबाब कोर्टात पुरावा धरतच नाहीत, त्याच्या सांगण्यावरून खरोखर माल निघाला तर तेवढाच भाग कामाला येतो. मारानं माणूस कुणाचं पण नाव घेतो, उद्या तुमचं घेईल. पकडल्यापासून 24 तासांच्या आत मॅजिस्ट्रेटसमोर न्यावंच लागतं, आपण पोलिसांवर असला दबाव टाकला तर चांगल्या अधिकाऱ्याची केस आपणच खराब करतो.

नंतर महिना-दीड महिना काहीच कळत नाही, अन् विश्वास तुटतो तो इथं. तपास कुठवर आला हे फिर्यादीला 90 दिवसांच्या आत कळवायचं बंधन आता पोलिसांवर आहे, मेसेजवर कळवलं तरी चालतं. तपासी अंमलदाराचं नाव नि नंबर पहिल्याच दिवशी घ्या, पंधरा दिवसांनी नम्रपणे विचारा, नवीन काही आठवलं तर लेखी द्या. आमचे हवालदार शोध लागला नाही त्या आठवड्यात पण फोन करून सांगायचे, "काका, अजून काही नाही, पण चालू आहे." काका त्या एका फोनवर शांत झोपायचे.

माल सापडला म्हणजे लगेच घरी आला असं नाही, तो मुद्देमाल, म्हणजे केसमधला पुरावा असतो. परत मिळवायला कोर्टात अर्ज करावा लागतो, सोबत सातबारा, ओळखीचा पुरावा अन् बंधपत्र. धान्य असेल तर अर्जात स्पष्ट लिहा की माल खराब होणारा आहे, फोटो नि पंचनामा करून ताब्यात द्यावा. आमचे 14 कट्टे आले तोवर भाव पडला होता. कट्टे मोकळे करताना काकूनं चिंध्या टाकल्या नाहीत, साक्षीच्या दिवशी पिशवीत घालून घेऊन जायच्यात म्हणून देवळीत ठेवल्यात.